त्या हातचा बाप्तिस्मा

शिक्रापूरहून येणाऱ्या नव्या प्रचारकानं भर प्रार्थनेत सांगितलं, "तुमचा जुना पाळक भास्कर दुसऱ्याची बायको घेऊन पळाला. त्याच्या हातचा बाप्तिस्मा बाद. रविवारी कालव्यात परत घ्या."

माझं डोकंच फिरलं. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघे दुखले तरी मी पाण्यात उतरीन. पण माझ्या मालकांचं काय? त्यांनाबी भास्करनंच बाप्तिस्मा दिला होता, आन् ते चार वर्षं झाली आमच्या मांडवगणच्या मातीत हायेत. त्यांना कुठनं उठवू?

तीन दिस घास उतरला न्हाई. शेवटी एसटी धरून दौंडला गेले, निवृत्त पाळक आप्पांकडं.

आप्पा म्हणाले, "मार्थाबाई, हे भांडण सतराशे वर्षांचं जुनं आहे. उत्तर आफ्रिकेत रोमी बादशहाच्या छळाला भिऊन काही पाळकांनी पवित्र शास्त्र शिपायांच्या हवाली केलं. अशांच्या हातचा बाप्तिस्मा खोटा, असं डोनाटस नावाच्या तिथल्या धर्मगुरूचे लोक म्हणायचे. बाकीच्या ख्रिस्ती मंडळीनं ते मानलं नाही. बाप्तिस्मा प्रभू देतो. पाळकाचे नुसते हात."

"आन् त्यो भास्कर?"

"त्याचा जाब त्याला. तुमचा बाप्तिस्मा खरा, तुमच्या मालकांचा, शांतवनरावांचाही खरा."

मला तिथंच रडू फुटलं. मग भूक लागली. आप्पांकडं दोन भाकरी खाल्ल्या.

गावात उतरले ती आधी मालकांच्या कबरीवर गेले. गवत उपटलं आन् सांगितलं, "निजा निवांत. प्रभू येईस्तवर तुम्हांला कुणी उठवत न्हाई."