चुकीच्या फांदीवरची इंग्रजी

मी सातवीच्या वर्गातला तक्ता बोलतोय. कापडाचा, वर-खाली लाकडी पट्ट्या असलेला. माझ्या अंगावर एक झाड आहे आणि त्याच्या फांद्यांवर भाषा बसल्या आहेत. आज माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलंय, म्हणून चार शब्द सांगतो.

मला दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं घडवलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याला नमुना दिला होता. पण त्या गड्याला पक्ष्यांचं भारी वेड. जर्मन आणि डच जिथे आहेत, त्या बाजूला त्यानं कुणी न सांगता एक पोपट काढून ठेवला. मग इंग्रजीला जागाच उरली नाही. त्यानं तिला उचललं आणि पलीकडे, लॅटिनच्या फांदीवर, फ्रेंचच्या शेजारी नेऊन टेकवलं. पोपट इतका देखणा झाला होता की फांद्या कुणी तपासल्याच नाहीत.

पुढे कितीतरी वर्षं मोठ्या बाई माझ्यावर काठी ठेवून सांगत राहिल्या, इंग्रजी ही लॅटिनची लेक. मुलं घोकत राहिली. मला लाज वाटायची. चूक पेंटरची, पण वदवून घेतली जात होती माझ्या तोंडून. सुट्टीत मला गुंडाळून कपाटावर टाकायचे, तेव्हा कुठे जरा बरं वाटायचं.

यंदा नवीन बाई आल्या, तात्पुरत्या नेमणुकीवर. आधीच्या शाळेत वरिष्ठांशी वाद घातला म्हणून त्यांना घरी बसवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांची मोठी बहीण सोडायला आली आणि वर्गाच्या दारातच बजावून गेली, की या वेळी तोंड आवरायचं. आज मोठ्या बाई त्यांचा तास बघायला शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. तास पटला तरच नोकरी पक्की होणार होती. विषय नेमका इंग्रजीचा जन्म.

नवीन बाईंनी काठी इंग्रजीवर ठेवली आणि थांबल्या. चूक त्यांच्या लक्षात आली होती. मी मनात म्हटलं, जाऊ द्या बाई, पोटापाण्याचा प्रश्न आहे. आणि त्याच दमात वाटलं, सांगून टाका एकदाचं.

"मुलांनो, ही इथली नाही," त्या म्हणाल्या. "हिचं माहेर तिकडे आहे, पोपटापाशी."

मोठ्या बाई उठून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "कशावरून?"

शेतकऱ्यांनी आणि दर्यावर्दींनी ही भाषा समुद्रापलीकडून एका बेटावर आणली, नवीन बाई सांगू लागल्या. नंतर तिथे फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले, त्यांच्याबरोबर दरबाराचे आणि कोर्टकचेरीचे शब्द आले. लॅटिन पुस्तकांतून शिरली. पण आई, भाऊ, हात, पाणी हे घरातले शब्द जर्मनच्या नात्यातलेच राहिले.

"अंगावर दागिने सासरचे असले, तरी लेक माहेरचीच ना, बाई?"

मोठ्या बाईंनी शिपायाकडून रंग मागवला आणि ब्रश स्वतः हातात घेतला. लॅटिनवरची इंग्रजी पुसली गेली. पोपटाची शेपूट जरा आखूड झाली, पण इंग्रजी जर्मनशेजारी, आपल्या जागेवर आली. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

"उद्या हाच तास आठवीला घ्या," ब्रश पुसत त्या म्हणाल्या. "त्यांना मी उलटं शिकवलंय."

"म्हणजे मी उद्या यायचं?"

"उद्या या, पुढच्या वर्षीही या."

नवीन बाई मुलांसमोरच खुर्चीत बसल्या आणि पदरानं डोळे टिपले. मला डोळे नाहीत, नाहीतर मीही टिपले असते.

आता माझा रंग विटलाय, कडा उसवल्यात. मला काढून नवा तक्ता लावायचा तर लावा, माझी तक्रार नाही. फक्त थोडे दिवस थांबा. इतकी वर्षं भिंतीवर टांगून होतो, खरं बोलायला आता कुठे मिळतंय.