उफराटी

आमच्या दरीत शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते: मेंढीचा डावा कान म्हणजे मेंढीचा डावा, तुमचा नव्हे. कानाला खूण करायची तर तिच्या मागे बसायचं, तिचं तोंड जिकडे तिकडेच आपलं तोंड ठेवायचं आणि मग सुरी चालवायची. आमच्या ह्वाम्मूर शेताची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला दुहेरी खाच. शेजारच्या क्रोसहोल्टची तीच खाच, पण उजव्या कानाला. माझा भाऊ सोल्वी बारा वर्षांचा असताना डाव्या-उजव्याचा घोळ घालून बसला. कोकरू आमचं आणि कानावर खूण शेजाऱ्याची! बाबांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग हसून हसून त्यांनाच खाली बसावं लागलं. कोकराचं नाव पडलं उफराटी.

तेव्हापासून दर वर्षी डोंगरावरून मेंढरं खाली आली, मधल्या गोल आवारातून ज्या त्या शेताच्या कप्प्यात निवडायला घेतली, की भांडण ठरलेलं. क्रोसहोल्टचा म्हातारा ऑडगेर उफराटीचं शिंग पकडून ओरडायचा, "खूण माझी, तर मेंढी माझी!" आणि सोल्वी शांतपणे म्हणायचा, "सोडा तिला. तीच सांगेल." सुटली की उफराटी तरातरा आमच्या कप्प्यात जाऊन उभी राहायची. सगळी दरी हसायची, ऑडगेर सगळ्यात जोरात.

हे सगळं धुलाईच्या आधीचं. सरकारच्या शांतता खात्यानं कानाच्या खाचा बंद केल्या आणि पिवळे नंबरी बिल्ले आणले. सोल्वीनं आमच्या कळपाचे सगळे बिल्ले उपटून नदीत फेकले. तेवढ्यासाठी सतराव्या वर्षी त्याला शहरात नेलं आणि त्याचं डोकं धुतलं. नाव गेलं, बापाचं नावही गेलं. आमच्याकडे आडनावं नसतातच. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, एवढीच ओळख. बापाचं नाव गेलं की माणसाकडे उरतं काय? नंबर!

यंदा, दोन वर्षांनी, धुतलेल्यांची टोळी ट्रकमधून आमच्याकडे कामाला आली. दरीतली तरणी पोरं खात्यानंच नेली, मग हात कमी पडणारच की. ट्रकमधून सोल्वी उतरला. कॉलरला पिवळा बिल्ला, नंबर सतरा. खात्यानं इतकं चोख पुसलं होतं, की हा कुठला आणि कुणाचा हे त्यांच्या स्वतःच्या कागदांवरही उरलं नव्हतं. नाही तर आमच्या दरीत पाठवलाच नसता. आईनं त्याला मटणाचं सूप वाढलं. तो म्हणाला, "आभारी आहे, बाई." आई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

धुतलेल्याला त्याचं नाव किंवा नातं सांगायला बंदी आहे. सांगणारा धुतला जातो आणि ऐकणारा दुसऱ्यांदा धुतला जातो. दुसऱ्यांदा धुतलेल्याला चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही. वरच्या शेतात एक आहे, मी बघितलाय. मेंढरं निवडून झाली की टोळी दक्षिणेला मासळीच्या कारखान्यात जाणार होती, कायमची. फक्त प्रत्येक शेताला हिवाळ्यापुरता एक गडी मिळतो, खात्याचा निरीक्षक बोट दाखवेल तो. म्हणजे माझ्या हातात निवडणीचा तेवढा एक दिवस होता.

"काही करू नकोस, हाल्बेरा," आई म्हणाली. "एक गेला, आता तू पण जाशील."

"मी त्याला काही सांगणारच नाहीये. मेंढी दाखवायला बंदी आहे का?"

"अगं पण..."

"नाही ना? मग झालं तर."

सकाळी आवारात शिरले ती उफराटीला शोधतच. पावसानं सगळा चिखल झाला होता. निरीक्षक पांढरे हातमोजे घालून कुंपणावर बसला होता, मेंढी जवळ आली की पाय वर घेत होता. बाकीचे धुतलेले मेंढीला मिठी मारत होते आणि तिच्यासकट चिखलात लोळत होते. सोल्वी मात्र शिंगं धरून मेंढी गुडघ्यांत दाबत होता, बिल्ल्यावरचा नंबर वाचत होता आणि तिला तिच्या कप्प्यात ढकलत होता. अगदी बाबा करायचे तसा. मला इतका राग आला! कुणी काय म्हणून माझ्या भावाला माझ्यापासून पुसावं?

उफराटी सापडली. तिचा बिल्ला डोंगरातच कुठे तरी तुटला होता, शहाणी माझी. तिला ओढत त्याच्यापर्यंत नेलं.

"ए सतरा, ही धर. हिला बिल्ला नाहीये."

त्यानं तिला गुडघ्यांत धरलं. मग त्याचा अंगठा आपोआप तिच्या डाव्या कानावर गेला. तिथे काही नव्हतं. मग उजव्या कानावर गेला आणि खाचेत थांबला.

"क्रोसहोल्ट," तो पुटपुटला.

हे त्याला खात्यानं शिकवलं नव्हतं, पण त्यानं वाचलं ते परक्यासारखं. त्याच्या अंगठ्याला दरी आठवत होती, आम्ही नाही. आता मी काय करू? तेवढ्यात मागून आरोळी आली.

"खूण माझी, तर मेंढी माझी!"

दुखरा पाय ओढत ऑडगेर येत होता. मी त्याला आधी एका शब्दानंही काही सांगितलं नव्हतं. त्यानं येऊन थेट शिंगच पकडलं.

"तुमची कशी? आमची आहे ती!" मी ओरडले.

"कान बघ की पोरी! डोळे काय घरी ठेवून आलीस?"

"काय गोंधळ आहे?" निरीक्षकानं विचारलं.

"जुनं भांडण आहे साहेब. तुम्ही मध्ये पडू नका, ती लाथा मारते," ऑडगेर म्हणाला. निरीक्षकानं पाय वर घेतले.

आजूबाजूची माणसं हातातली मेंढरं सोडून उभी राहिली. सोल्वीनं ऑडगेरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग त्या कानाकडे. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सोडा तिला," तो म्हणाला. "तीच सांगेल."

उफराटी तरातरा आमच्या कप्प्यात जाऊन उभी राहिली. सगळी दरी हसली. रडलं असतं तर दिसलं असतं ना! मी खोकल्याचं सोंग करून तोंड झाकलं.

"तुला कसं कळलं रे?" निरीक्षकानं विचारलं. हसणं तिथल्या तिथे थांबलं.

सोल्वीचा चेहरा कोराच होता. "मेंढीला घर माहीत असतं, साहेब. मला काय माहीत असणार?"

निरीक्षकाला ते फार आवडलं. येडा कुठला.

दुपारनंतर गडी वाटायला घेतले. आम्हाला एक काडीसारखी मुलगी मिळाली. सतरा नंबर ट्रककडे निघाला आणि आईनं माझा हात इतका दाबला की बोटं कळवळली.

"साहेब," ऑडगेर ओरडला, "सकाळची गंमत आवडली ना? आता ह्यालाही सोडून बघा की. माझी मेंढी घालवली ह्यानं, बघू कुठं जातो!"

लोक हसले. निरीक्षकही हसला. "सोडा," तो म्हणाला.

सोल्वी आवाराच्या मधोमध आला. आधी क्रोसहोल्टच्या फाटकाशी गेला आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला. "ये ये, माझ्याकडे सूप बरं मिळतं!" ऑडगेर म्हणाला, पण आपलं फाटक काही त्यानं उघडलं नाही. सोल्वी वळला. आमच्या फाटकाची कडी जन्मापासून अडकते, गुडघ्यानं वर रेटावी लागते. खाली न बघताच त्यानं ती गुडघ्यानं रेटली.

"घ्या बाई तुमची मेंढी," निरीक्षक आईला म्हणाला. "ती मुलगी द्या परत."

त्या मुलीनं मागे वळूनही बघितलं नाही. तीही कुणाची तरी आहे, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तिचीही मेंढी कुठे तरी असेल, आणि ती मी शोधणार आहे.

ट्रक गेला. घरी आल्यावर सोल्वी अंगणात उफराटीजवळ गवतावर बसला होता.

"तुझं नाव काय?" त्यानं मला विचारलं.

स्वतःचं नाव सांगायला बंदी नव्हती. "हाल्बेरा. कोल्बेनची मुलगी."

"ह्या कानाचं काही तरी आहे."

"असेल. मला सांगता येत नाही. तूच सांग."

तो कान चोळत राहिला. रात्र झाली असती, हिवाळा सरला असता, तरी मी तिथून हलणार नव्हते.

"सुरी माझ्या हातात होती," तो शेवटी म्हणाला. "पण मी बरोबर बसलो होतो, मागेच." त्यानं मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. "ऐन वेळी कोकरू तू फिरवलंस, बेरा. शिव्या मी खाल्ल्या."

हे दरीत कुणालाच माहीत नव्हतं. आईलासुद्धा नाही.

"साफ खोटं!" मी ओरडले आणि हमसून हमसून रडायला लागले.

"तूच फिरवलंस."

"खोटारड्या!"

"भांडू नका रे दोघं," आतून आईचा आवाज आला. "सूप गार होतंय."