आढीवरचं नाक

आंबा बोटीने मुंबईला जायचा, तेव्हापासून आमच्या वाडीत पेंढ्यात पिकत घातलेल्या आढीचा निकाल एकच नाक देतं: आमच्या ह्यांचं, काशीरामाचं. पेंढा न उचलता, डोळे मिटून, नुसत्या वासावर हे सांगतात, "अजून दोन दिवस." लोक आपापली आढी दाखवायला ह्यांना बोलावून नेतात. मी मागोमाग असतेच.

यंदा पुतण्या रितेश मुंबई सोडून आला. अठ्ठावीस वर्षांचा घोडा. तिथे मित्रांच्या नादाने नाकातून पावडर ओढायचा. पाच महिन्यांपूर्वी स्वतःच्या जिवावर सोडली, आणि नेमकं त्यानंतर सगळं बाहेर आलं. नाक चोंदलेलं, आत खपल्या, सकाळी रक्ताचा ठिपका, घशात सारखं काहीतरी उतरतंय, आवाज फुटक्या बांबूसारखा. रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाक आतून दुखावलंय, सावरायला महिने लागतील, मीठपाण्याने धूत जा.

वास तर पार गेलेला. आणि ह्यांनी जाहीर करून टाकलं, "अक्षयतृतीयेला आढी ओळखलीस तर बाग तू बघायचीस. नाहीतर मुंबईची गाडी धर."

"काकी, तिथे गेलो तर तेच मित्र दारात उभे असतील," परसात उकळून गार केलेलं मीठपाणी नाकात ओतता ओतता रितेश म्हणाला.

"मेल्या, आधी नाक शिंकर. मी आहे ना! माझ्या बांगड्या एकदा वाजल्या तर कच्ची, दोनदा वाजल्या तर तयार."

"काकांना कळलं तर?"

"त्यांना काय कळतंय!" म्हणत मी हसू पदरात लपवलं.

अक्षयतृतीयेला सकाळी रितेश आढीवर वाकला. शेजारी ह्यांनी बैठक मारली, डबी उघडून चिमूटभर तपकीर ओढली आणि म्हणाले, "मी मनात ठरवतो, मग तू सांग." दोघांनी डोळे मिटले. मला दारातूनच कळलं, आढी तयार होती. हात उचलला, आणि कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, दोन्ही हात पदराखाली घेऊन गप्प उभी राहिले.

रितेश हुंगतोय. हे हुंगतायत. एकाचं सूं सूं, दुसऱ्याचं फुर्र फुर्र. रितेश खाकरला. हेही खाकरले. पेंढा मात्र काही बोलेना.

"अगो," शेवटी हे डोळे मिटूनच वैतागले, "आज बांगड्या काढून ठेवल्यास काय?"

रितेशने खाडकन डोळे उघडले. "काका! तुम्हीपण?"

रितेश जन्मायच्या आधीच तपकिरीने ह्यांचं नाक बाद झालेलं. तेव्हापासून वाडीभरच्या आढ्या माझ्या मनगटावर पिकतायत.

"पोराला मुंबईला धाडताय," मी म्हटलं, "मग तुम्हाला कुठे धाडू?"

"मी निदान सोडली तरी," रितेश त्या फुटक्या आवाजात म्हणाला.

"थोबाड बघा ह्याचं!" हे पुटपुटले. पण डबी माझ्या हातात ठेवली. "राहा इथेच. फक्त वाडीत बोलू नकोस."

आता रोज सकाळी परसात दोन तांबे असतात.

"सोडल्यापासून जास्तच गळतंय रे," हे कुरकुरतात. "घसापण खवखवतोय."

"होतं तसं, काका," रितेश मोठ्या अनुभवी माणसासारखा सांगतो. "मान तिरकी करा. तोंडाने श्वास घ्या. अहो, गिळू नका!"

परवा शेजारचा लवू कुंपणाच्या बेड्याशी येऊन ओरडला, "काशीरामदादा, आमची आढी बघूक येतास?"

दोन्ही गळकी नाकं माझ्याकडे वळली. मी पायात चपला सरकवल्या आणि बांगड्या पुढे ओढल्या.