भट्टीवाल्याचा खुलासा

"वृत्तपत्र म्हणजे जनतेची छाती. ती गोळीला भीत नाही, तुरुंगाला भीत नाही आणि सत्याशिवाय कुणापुढे झुकत नाही." हे वाक्य 'निर्भीड'च्या प्रत्येक अंकाच्या माथ्यावर छापलेलं असे. अंक हातात पडला की लोक आधी दार लावत, मग खिडक्या लावत, मग सासूला काहीतरी आणायला शेजारी पाठवत. जनतेची छाती वाचून झाली की तिच्या चार घड्या करून तिला चुलीत घालत.

साल १९४८. ग्रीसमध्ये सरकार आणि डोंगरातले बंडखोर यांचं युद्ध तिसऱ्या वर्षात शिरलं होतं. सरकारमान्य वर्तमानपत्रं रोज एक विजय छापत. एकच टेकडी त्या वसंतात सरकारने सात वेळा जिंकली. मधल्या सहा वेळा ती हातातून कशी गेली, हे मात्र कुणी छापलं नाही. 'निर्भीड' म्हणजे सायक्लोस्टाइलवर काढलेली चार पानं. शाई बोटांना लागायची. पण कुणाला पकडून कुठल्या बेटावर नेलंय, कोण अजून जिवंत आहे, हे फक्त त्यातच मिळायचं. बंदरामागच्या निर्वासित वस्तीतला भट्टीवाला प्रोद्रोमोस आणि त्याची बायको स्मारो यांनाही ते मिळालं होतं. स्मारोचा भाऊ बेटावर जिवंत असल्याचं तिला 'निर्भीड'ने कळवलं. ज्या शेजारणीने तिला अंक दाखवला, तिच्यासमोर स्मारोने त्या पानाचं देवाच्या तसबिरीसारखं चुंबन घेतलं आणि मग ते जाळलं.

म्हणून मे महिन्यात 'निर्भीड'ने प्रोद्रोमोसविषयी जे छापलं, ते वाचून स्मारोने अर्धं मिनिट नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. अर्धंच मिनिट. पण बावीस वर्षांच्या संसारात प्रोद्रोमोसला एवढं लांब मिनिट दुसरं आठवत नव्हतं.

छापलं होतं ते असं : 'वस्तीतील भट्टीवाला प्रोद्रोमोस चालिकोग्लू दर रविवारी दुपारी एक वाजता एक झाकलेली वस्तू घेऊन पोलीस ठाण्यात शिरतो व रिकाम्या हाताने बाहेर येतो. जनता जाब विचारील.'

झाकलेली वस्तू म्हणजे कोकराचं मटण आणि बटाटे. वस्तीत कुणाच्याच घरी भट्टी नव्हती. रविवारी सकाळी चर्चला जाताना बायका आपापल्या पराती त्याच्याकडे टाकत आणि येताना भाजलेलं जेवण घेऊन जात. ठाण्याचा फौजदार स्तामूलिस सडाफटिंग. त्याची परात पोचती करावी लागे. फौजदाराला 'तुझा तू ये' म्हणणारा भट्टीवाला अजून जन्मायचा होता.

विनोद इथे संपत होता. कारण 'जनता जाब विचारील' हे शब्द 'निर्भीड'ने त्याआधी एकदाच वापरले होते, टपालवाल्या थेमेलिसबद्दल. तोही ठाण्यात फार जातो म्हणून. आठव्या दिवशी थेमेलिस सार्वजनिक नळाशी मरून पडलेला सापडला, टपालाची पिशवी गळ्यात तशीच. सगळी पत्रं ठाण्यात उघडून वाचली जात आणि ती परत आणायला त्याला रोज तिथे जावं लागे, हे लोकांना नंतर समजलं. सगळ्यांना समजलं. 'निर्भीड'लाही समजलं असणार. छापलं मात्र नाही. दीड वर्ष झालं तरी थेमेलिसची बायको फोतिनी भट्टीशेजारच्या बाकावर येऊन बसली की बाकीच्या बायकांना घरची कामं आठवत.

त्या रविवारी प्रोद्रोमोसने साठ परातींपुरती भट्टी पेटवली. परात आली एक. फौजदाराची.

तो समोरच्या चांभाराकडे गेला. "तू वाचलंस का रे ते?"

"काय? कुठे? मला कुठलं वाचता येतंय!" असं म्हणणारा चांभार दर रविवारी चर्चमध्ये मोठ्याने धर्मग्रंथ वाचायचा.

'निर्भीड' वाचणं हा गुन्हा होता. त्यामुळे तो कुणीच वाचला नव्हता. न वाचलेल्या बातमीवर अख्खी वस्ती इतक्या एकमताने वागत होती, की एवढी एकी तिने पाण्याच्या नळासाठी दाखवली असती तर घरोघरी पाणी आलं असतं.

एकच माणूस वाचल्याचं उघड कबूल करत होता.

"काय रे," फौजदार परातीवरचं फडकं उचलत म्हणाला, "तू माझा खबऱ्या आहेस म्हणे. मला आधी सांगायला नको?"

"साहेब, मी कसला खबऱ्या! तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला माहीत असून काय उपयोग? वरून विचारणा आलीय. तुमच्या खबऱ्याने आजवर काय माहिती दिली, कळवा. मी काय कळवू, बटाटे?"

"बटाटेच कळवा साहेब. खरं तेच आहे."

फौजदाराने संशयाने त्याच्याकडे पाहिलं. "हे बघ, सरकारी पेपरावर माझा काडीचा विश्वास नाही. पण 'निर्भीड' उगाच काही छापत नाही. तुला काहीतरी माहीत असणार. आठव."

पुढच्या रविवारीही तेच झालं. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी इव्हान्थिया काकू दुकानात आली आणि तिने दार आतून लावलं. ही सत्तरीची, काळ्या कपड्यातली विधवा. दर रविवारी भट्टीशेजारच्या बाकावर बसून परातींवरच्या फडक्यांच्या घड्या घालायची. बिचारीला घरी करमत नाही, असं प्रोद्रोमोस समजून चालला होता.

"प्रोद्रोमोस, भट्टीचं काय करतोयस?"

"भट्टी चालू आहे. परातींना विचार, कधी येताय."

"बायका घाबरतात रे."

"मला?"

"तुला कोण घाबरतंय! तुझ्या दारात कुणी बघेल म्हणून घाबरतात."

"मग मी काय करू? दार हलवू?"

"काय करू काय विचारतोस! अंक पडून आहेत माझ्याकडे. दोनशे! कोंबड्यांच्या खुराड्यात. कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्यात."

"कसले अंक?"

काकूने मान वर केली. भिंतीवरच्या लांब फळीकडे बघत राहिली. पराती भट्टीत गेल्या की वरची फडकी त्या फळीवर राहत, आणि बायका परतल्या की आपापलं घडी केलेलं फडकं तिथून उचलून नेत. प्रोद्रोमोसही फळीकडे बघू लागला. बराच वेळ बघून झाल्यावर तो स्टुलावर बसला.

"माझ्या फळीवरून?"

"दोन वर्षं."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"तुला सोडून. तुला खोटं बोलता येत नाही रे, तुझे कान लाल होतात."

"एक जरी कागद सापडला असता तर मला भिंतीशी उभं केलं असतं, काकू!"

"म्हणून तर तुला सांगितलं नाही."

"उपकार झाले! आणि ज्याने माझ्याविषयी लिहिलं, त्या शहाण्याला माहीत नव्हतं, आपला पेपर कुणाच्या फळीवरून जातो ते?"

"त्याला कसं माहीत असेल? लिहिणाऱ्याला छापणारा माहीत नाही, छापणाऱ्याला मी माहीत नाही. मला फक्त पोतं आणून देणारा कोळसेवाला माहीत. सुरक्षित असतं तसं."

"सुरक्षित!" प्रोद्रोमोस ओरडला. "तुमचा पेपर वाटला म्हणून पोलीस मला मारणार, आणि पोलिसांना खबर दिली म्हणून तुमचे लोक मला मारणार. मी केलंय काय? बटाटे भाजले! निदान दोघांनी बसून ठरवा तरी, पहिला मान कुणाचा!"

त्याने खुलासा मागितला. मागणी काकूकडून कोळसेवाल्याकडे आणि तिथून वर कुठेतरी गेली. शुक्रवारी कोळशाच्या पोत्यातून उत्तर आलं. मजकूर तयार होता, खाली फक्त त्याची सही हवी होती : 'भट्टीवाला प्रोद्रोमोस याने आपली चूक जनतेसमोर मान्य केली असून जनतेने त्यास उदार मनाने क्षमा केली आहे.'

"कुठली चूक? मीठ कमी पडलं होतं?"

"अरे, सही कर आणि मोकळा हो," काकू म्हणाली. "पेपर चुकला असं पेपरातच कसं छापतील? लोकांचा विश्वास उडेल."

"थेमेलिसच्या वेळी लोकांचा विश्वास असाच जपला का?"

काकूने फळीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "तो अंक मीच वाटला होता. याच फळीवरून."

प्रोद्रोमोसने पाव बांधायचा कागद घेतला, स्मारोला पेन्सिल दिली आणि स्वतःचा मजकूर सांगितला. आधी थेमेलिसचं नाव, मग आपलं.

"थेमेलिस मेलाय रे. त्याला खुलासा कशाला?" काकू म्हणाली.

"फोतिनी जिवंत आहे."

"ते छापायचे नाहीत."

"मग कोंबड्यांना वाचू दे. मी सही करत नाही आणि फळीही देत नाही."

शनिवारी टोपीवाला एक अनोळखी माणूस दिवसभर दुकानासमोर उभा होता. तो कुठल्या बाजूचा, हे त्याच्या टोपीवरून कळत नव्हतं. स्मारो कपात कॉफी ओतताना म्हणाली, "प्रोद्रोमोस, सही करून टाक. मला तू जिवंत हवायस. नाव काय, धुऊन निघेल."

"थेमेलिसचं निघालं?"

तिने पुन्हा तो विषय काढला नाही. पण दार उघडायला त्या दिवशी प्रत्येक वेळी तीच पुढे गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी अंक निघाला. फळी बंद होती, म्हणून इव्हान्थिया काकूने सत्तराव्या वर्षी दोनशे अंक शालीखाली घालून, भर दुपारी, घरोघरी स्वतः दिले. पहिलं घर प्रोद्रोमोसचं. चौथ्या पानावर, अगदी तळाशी, ढेकणांवरच्या औषधाच्या कृतीखाली, चार ओळी होत्या : 'टपालवाला थेमेलिस निर्दोष होता. भट्टीवाला प्रोद्रोमोस निर्दोष आहे. वस्तू म्हणजे बटाटे होते. निर्भीडला खेद होतो.'

एका माणसाला खेद, एका माणसाला बटाटे. प्रोद्रोमोसने त्या ओळी तीनदा वाचल्या. मग पहिल्या पानावरची जनतेची छाती पाहिली आणि त्याच्या तोंडून जी शिवी निघाली ती सायक्लोस्टाइलवरही छापता आली नसती.

रविवारी पराती आल्या. सगळ्या. माफी कुणीच मागितली नाही, कारण कुणी काही वाचलंच नव्हतं. "आमचं जरा खरपूस हं, प्रोद्रोमोस." "आमच्या टोमॅटोंना तेल कमी वाटतंय का बघ." महिनाभर ज्यांनी त्याच्या मरणाची वाट पाहिली, त्यांना आता भात मोकळा हवा होता. तो एकेक परात भट्टीत सरकवायच्या लांब दांड्याच्या फळ्यावर अशी आपटून घेत होता, की बटाटे जागचे उडत होते. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा नेम नव्हता, म्हणून त्याने ते मिटून ठेवलं.

सगळ्यांत शेवटी फोतिनी आली. नुसती बाकावर बसायला नव्हे, दीड वर्षाने काहीतरी भाजायला घेऊन. हातात लहानशी परात. बाकावरच्या बायका सावरून बसल्या. उठली मात्र कुणी नाही.

प्रोद्रोमोसने हातातला फळा खाली ठेवला. न्याय, सत्य, थेमेलिस, सगळं एकदम बोलावंसं वाटून त्याचे कान लाल झाले.

फोतिनीने परात पुढे केली. "परात इव्हान्थिया काकूची आहे, गुरुवारी ठेवून गेली, परत द्यायचीय," ती म्हणाली. "कडेला ठेवू नको, करपेल."