नळी मला दाखवली असती तर

मित्रांनो, मी एक जुने क्ष-किरण यंत्र आहे. ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात हिरवे कापड पांघरून उभे असते. माझा हात कमानीसारखा वाकडा आहे. माणूस त्या कमानीत निजला की त्याच्या आतले मी पडद्यावर दाखवते.

मी नवे होते तेव्हा माझे कोण कौतुक! मोठ्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून भूलतज्ज्ञ रुग्णाच्या पाठीत, कण्याजवळ, दोऱ्याएवढी बारीक नळी बसवतात. तिच्यातून औषध थेंबथेंब जाते. नळी नेमकी पोहोचली का, हे तिच्यात क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य सोडून माझ्या पडद्यावर पाहत. पुढे डॉक्टरांचे हात सरावले आणि थट्टेथट्टेत एक रीत पडली. जो मला बोलावेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. मला बोलावणे म्हणजे हात कच्चा!

एकदा एक इस्त्रीवाली बाई आली. पोटाचे मोठे ऑपरेशन होते. मोठ्या डॉक्टरांनी नळी बसवली.

"सर, मशीन आणू?" सिस्टरने विचारले.

"का, चहाची तलफ आलीय?"

सगळे खो खो हसले. मी मेले कापडाखालीच राहिले.

पुढचे मला सिस्टरांच्या कुजबुजीतून कळले. बाई शुद्धीवर आली ती कण्हतच. डॉक्टर म्हणाले, "औषध चालू आहे, दुखेल कसं? काहीजणी जरा नाजूकच असतात." उशाशी बसलेल्या तिच्या लेकीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "आई, पुरे कर नाटकं! पलीकडच्या खाटेवरच्या काकू बघ, हूं की चूं करत नाहीत." बाईने चादरीचा बोळा दातांत धरला. दुखण्यापायी तिला खोकता येईना, श्वास भरून घेता येईना. छातीत कफ साचला, ताप चढला.

तेव्हा कुठे तिला माझ्या कमानीत आणले. नळीत द्रव्य सोडले. ते कण्याकडे गेलेच नाही, पाठीच्या स्नायूत डबके करून बसले. औषधही तिथेच मुरत होते.

"हलवताना सरकली असेल," डॉक्टर पुटपुटले. असेलही. पहिल्या दिवशी मला कोणी विचारलेच नव्हते, मग सरकली की मुळातच चुकली, हे कोण सांगणार?

नवी नळी माझ्यादेखत बसली. दुखणे थांबले, पण छाती भरून गेली होती. दारात लेक रडत होती. "आई, चुकलं गं माझं. आता दुखत नाही ना?"

बाई धापा टाकत म्हणाली, "नाही. आता नाही करत नाटकं."

दुसऱ्या दिवशी तिची खाट रिकामी झाली. डॉक्टरांनी लेकीला सांगितले, "वयच झालं होतं."

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. मी उद्या भंगारात गेले तरी कोणाचे काय अडणार आहे? पण कोणी 'दुखतंय' म्हणाले, तर आधी पाहा. माणसाला खोटे ठरवायला पुढे हवा तेवढा वेळ असतो. त्याचे खरे मानायला तो मिळेलच असे नाही.