छातीवरचे नाव

मंगळवारी सकाळी अकरा वाजता नांदेडला हवालदार नरसिंग यांची खातेनिहाय चौकशी सुरू झाली. मित्रांनो, मी त्यांचीच जुनी पितळी नामपट्टी. तेव्हा मी चौकशीच्या टेबलावर पडून होते.

देगलूरच्या एका कारागिराने माझ्यावर नाव कोरले. नरसिंग यांच्या पत्नी वर्षाराणीवहिनी मला चिंचेने घासून लख्ख करत. लोक मला वाचून 'नरसिंगभाऊ' म्हणत, तेव्हा मी फुलून जाई.

मग अर्धापूरला केळीचे ट्रक अडकले, गर्दी उसळली आणि पोलिसाच्या काठीने हमाल आसिफचा हात मोडला. त्याने तक्रारीत नरसिंग यांचे नाव दिले. ते त्याने माझ्यावरच वाचले होते. चहावाल्या केवळाबाईंच्या जबाबात लिहिले होते, 'नरसिंग मारून राहिला होता.' नरसिंग निलंबित झाले. मी बटणांच्या डब्यात गेले; चौकशीपुरती पुन्हा बाहेर आले. आता नोकरीच जायची वेळ आली होती.

चौकशी अधिकारी बाई बाहेरच्या जिल्ह्यातल्या होत्या. त्या नरसिंग यांना म्हणाल्या, "साक्षीदाराला तुम्ही स्वतः विचारा. तो तुमचा हक्क आहे."

नरसिंग समोर बसलेल्या केवळाबाईंकडे वळले. "मावशी, मी काय मारून राहिलो होतो?"

"हाका की रे! 'सरका, सरका' म्हणून घसा फोडून राहिला होतास. म्या म्हणलं, मारून राहिला होता हाका. जबाब लिहून घेणाऱ्या त्या पुण्याच्या सायबानं 'होता'च्या पुढंच टिंब दिलं. माझ्या हाका गिळल्या मेल्यानं!"

सगळे हसले. आसिफ हसला नाही.

"मंग माझा हात कोन मोडला, मॅडम? दोघं होते ना. नाव एकाच्याच छातीवर होतं. वाचता आलं तेच सांगितलं."

नरसिंग उठले.

"दुसरा मल्लेश, मॅडम. माझाच जोडीदार. पट्टी खिशात घालून आलता. काठी त्याची लागली. जोडीदाराचं नाव कसं घ्यावं, म्हणून गप होतो."

"लई लवकर बोलला, भाऊ!" आसिफ म्हणाला. पण बाहेर आल्यावर त्याने डाव्या हाताने चहाचा कप नरसिंग यांच्यापुढे धरला.

मित्रांनो, आम्हाला खिशात लपवू देऊ नका. आणि आम्हाला वाचले म्हणून लगेच निकालही देऊ नका. माणसाचे वाक्य पुरे होऊ द्या.

नरसिंग यांचे निलंबन अजून उठलेले नाही. मल्लेशला नोटीस गेली आहे. साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा हक्क त्यालाही आहे. आज सायंकाळपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही.