नारळाने मोजलेली ओढ

भाटघरचं धरण भरायला लागून तो दुसराच पावसाळा. नदीवर तीस वर्षं होडी चालवलेल्या सोनबाला या नव्या पाण्याचा अंदाज येत नव्हता, आणि मला कुठल्याच पाण्याचा अंदाज नसल्यामुळे सल्ला मी दिला. मी शाळामास्तर. कॉलेजात वेगांचे त्रिकोण काढून दुसरा वर्ग मिळवलेला.

गेनबाची बायको रतन पैलतीरावरच्या वाडीत पहाटेपासून अडली होती. सुईण अंबूबाईला न्यायला तो इकडे आला होता.

"वारं लई हाय," सोनबा म्हणाला. "होडी खाली जाईल. नाक वरल्या अंगाला धराया पायजे. पर किती, त्ये सांगवत न्हाई."

"मास्तर सांगत्याल. शिकल्यालं हायती," गेनबा म्हणाला.

गेनबानं पाण्याला वाहिलेला नारळ तरंगत चालला होता. घड्याळ काढून मी त्याचा वेग मोजला. ही पाण्याची ओढ. तीत वारा मिळवला, वहीत त्रिकोण काढला आणि पार वरची एक टेकडी दाखवली.

"येवढं वर?"

"एवढं."

आम्ही चौघं होडीत बसलो आणि सोनबानं नाक फिरवलं. त्रिकोणाशी वाद कसा घालायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

अर्ध्या पाण्यात मला कळलं. नारळाला वाराही ढकलत होता. म्हणजे वारा मी दोनदा धरला होता. हे सांगेपर्यंत आम्ही वाडीच्या बऱ्याच वर, बुडालेल्या आमराईवर आलो होतो. होडी एका आंब्याच्या बेचक्यात बसली. रेटताना वल्हं मोडलं. ओढ आणि वारा, दोन्ही आम्हाला तिथंच दाबून धरू लागले.

घर दिसत होतं. अंगणातल्या चुलीवर हंडा होता. अंबूबाई होडीतच उभी राहून ओरडली, "तिला डाव्या कुशीवर निजवा!" काठावरून गेनबाची आई कोंडाबाई हातानं 'या, या' करत राहिली.

गेनबा उडी टाकायला उठला. सोनबानं त्याचं धोतर धरलं. "खाली फांद्या हायती. गुतशील."

"मास्तर, किती येळ?"

"वारा पडेपर्यंत."

तिसऱ्या प्रहरी कोंडाबाई आत गेली. मग एका बाईनं चुलीतली लाकडं ओढून विझवली. थाळी वाजली नाही.

"पोरगी झाली असंल," गेनबा म्हणाला. "पोरीला थाळी वाजवत न्हाईत. व्हय ना, अंबूमावशी?"

अंबूबाई होडीतलं पाणी उपसू लागली. होडीत पाणी फारसं नव्हतं.

"व्हय ना, मास्तर?"

"होय," मी म्हणालो.